बोक्याची लघवी तुंबली तर

बोका शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, पण थेंब पडत नाही. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. पोटाच्या मागच्या भागात लिंबाएवढा घट्ट गोळा लागला, तर मूत्राशय तुंबलंय. दाबायचं नाही, फुटू शकतं. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच. रक्तात पोटॅशियम चढून 1-2 दिवसांत हृदय थांबू शकतं; रात्र असली तरी डॉक्टर गाठा. ते भूल देऊन लघवीच्या वाटेत कॅथेटर (बारीक नळी) घालतात, सलाईन लावतात.

घरी आल्यावर कोरडं खाणं कमी, पाणीदार जास्त. कोल्हापुरात रविवारी मटण शिजणारच. बोक्याचा वाटा कांदा-लसूण, मीठ पडण्याआधी काढा. तांबड्या रश्श्याचं बोटसुद्धा चाटवू नका. पहिला आठवडा ट्रेमधले लघवीने झालेले वाळूचे ओले गोळे रोज मोजा. पुन्हा तुंबतं ते बहुतेक याच दिवसांत.