मॅक्रो लिहायला बसण्याआधी

जळगावात मे महिन्यात भर दुपारी डोकं चालत नाही, त्यामुळे हे काम पहाटेचं. मी अहिराणी शब्दसंग्रह लेटेकमध्ये, म्हणजे आदेश लिहून छापील पानं जुळवायच्या प्रणालीत, जुळवतोय. प्रत्येक नोंदीला एकच मॅक्रो (आपण नाव देऊन बनवलेला आदेश), आधी शब्द, मग अर्थ: आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. मजकूर देवनागरी, म्हणून झीलेटेक (लेटेकचा युनिकोड चालवणारा अवतार) नीट चालतंय का ते सगळ्यात आधी बघा. मग मोठी फाइल बाजूला ठेवून दहा ओळींची कोरी फाइल उघडा. त्यात तो मॅक्रो आणि एकच नोंद, बस.

कारण सांगतो. व्याख्या करताना लेटेक मॅक्रोच्या पोटातले आदेश चालवून बघत नाही, नुसते साठवून ठेवतं. आतला आदेश चुकला असेल तर ‘अनडिफाइन्ड कंट्रोल सिक्वेन्स’ (असा आदेशच नाही) येतं ते वापराच्या ओळीवर. मी एकदा ‘आंडेर’ची ओळ तासभर उलटीपालटी करत बसलो होतो. चूक निघाली वर, व्याख्येत: ठळक अक्षरांच्या टेक्स्टबीएफ आदेशातला एक टी गळालेला.

मॅक्रोच्या नावात फक्त रोमन अक्षरं घ्या. आकडा घातला तर नाव त्याच्या आधीच संपतं आणि तक्रार भलत्याच गोष्टीची येते. मॅक्रो बनवणाऱ्या न्यूकमांडनं ‘ऑलरेडी डिफाइन्ड’ म्हटलं म्हणून लगेच जुनी व्याख्या बदलणाऱ्या रिन्यूकमांडवर जाऊ नका, एखाद्या पॅकेजचा (जोडून घेतलेल्या तयार आदेशसंचाचा) आदेश पुसला जाईल. नाव बदलायला काय जातं?

न्यूकमांडच्या चौकटी कंसातला आकडा, म्हणजे मॅक्रो किती मूल्यं घेणार तो, बोटांवर मोजा. तिथे २ लिहून आत हॅश ३ (तिसऱ्या मूल्याची जागा) वापरला की ‘इल्लीगल पॅरामीटर नंबर’. ही चूक मात्र व्याख्येच्याच ओळीवर सापडते. ९ च्या वर जागा मिळत नाहीत. मॅक्रोच्या आत दुसरा मॅक्रो रचत असाल तर आतल्याचा हॅश दुहेरी.

मॅक्रो वापरताना मूल्याचा महिरपी कंस मिटायचा राहिला की साध्या न्यूकमांडनं केलेला मॅक्रो पार फाइलीच्या शेवटापर्यंत तो शोधत जातो. नोंदी छोट्या असतील तर तारांकित न्यूकमांड वापरा, तिनं केलेला मॅक्रो परिच्छेद संपला की तिथेच अडतो. व्याख्येतल्या ओळींच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह टाका, नाहीतर छापील पानावर नको तिथे मोकळी जागा दिसते.

आता मॅक्रो मोठ्या फाइलीत न्या. त्याआधी सेव्ह करा, आमच्याकडे लाइट नेमकी याच वेळेला जाते.