दिवाणी दाव्यासाठी मोफत वकील कसा मिळवावा

कोकणातील दिवाणी वाद बहुधा जमिनीचे असतात. सातबाऱ्यावर सामायिक नावांची रांग असते, निम्मे हिस्सेदार मुंबईत असतात, आणि वारस नोंदीतून आपले नाव वगळले गेल्याचे बहिणीला कित्येक वर्षांनी कळते. वकिलाची फी परवडत नाही एवढ्याच कारणाने असा हक्क कोणी सोडू नये, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार पात्र व्यक्तीला वकील मोफत मिळतो आणि कोर्ट फी, नोटिशीचा खर्च व नकलांचा खर्चही त्यात येतो.

महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांपर्यंत असलेली व्यक्ती पात्र ठरते. मात्र स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, तसेच जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आला तशा महापुराचे आपद्ग्रस्त यांना उत्पन्नाची अटच नाही. माहेरच्या जमिनीत हिस्सा मागणाऱ्या स्त्रीला, नवरा किंवा मुलगा कितीही कमावत असला तरी, या कारणावरून नकार देता येत नाही. ही गोष्ट वाडीवाडीत पोचायला हवी.

अर्ज तालुक्याच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे करावा, किंवा अलिबाग, रत्नागिरी अथवा ओरोस येथील जिल्हा न्यायालयात असलेल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मार्गदर्शन मिळते. साधा कागद चालतो, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे म्हणणे कार्यालयाने लिहून घ्यायचे असते. उत्पन्नाबाबत सामान्यतः अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरते. तरीही दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे की नाही हे पाहिले जात असल्याने सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल आणि आलेली प्रत्येक नोटीस सोबत न्यावी, आणि घडलेला प्रकार तारखांच्या क्रमाने सांगावा. नोटीस आलेली असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जावे, कारण उत्तर देण्याची मुदत अर्ज केल्याने थांबत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. या कायद्यात न्यायालय म्हणजे केवळ दिवाणी कोर्ट नव्हे, तर महसुली न्यायालये आणि न्यायाधिकरणेही त्यात येतात. त्यामुळे कुळाच्या हक्काचा वाद तहसीलदारापुढे किंवा फेरफाराविरुद्धचे अपील प्रांतांपुढे चालू असले, तरी तेथेही वकील मागता येतो. नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून फी घ्यायची नसते; त्याने पैसे मागितले, तर ते न देता समितीकडे किंवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करावी.

भावकीतला वाद तडजोडीने मिटण्यासारखा असेल, तर लोकअदालतीचाही विचार करावा. तेथे तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्याविरुद्ध अपील नसते, म्हणून कोणता गट नंबर, किती गुंठे, कोणती आंब्याची कलमे आणि वाट कोठून, हे सगळे कागदावर आल्याशिवाय सही करू नये.