वॉर्डरोबचा रॉड लावताय? आधी हँगर हातात घ्या

कपाटात रॉड लावायला निघालात की टेप, पेन्सिल, ड्रिल हे सगळं नंतर, आधी एक हँगर घ्या आणि त्याला घरातलं सगळ्यात जाड जॅकेट अडकवा. रिकामा हँगर चालणार नाही. मागच्या वेळी माझ्याकडे सगळं होतं, फक्त हा हँगर नव्हता. रॉड अगदी मापात कापला, लेव्हलला सरळ लावला, कपडे लटकवले आणि सरकता दरवाजा ओढला तर तो मधेच अडला. मी जोर लावून बंद केला. दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट काढला तर खांद्यावर ट्रॅकच्या ग्रीसची बोटभर काळी रेघ, आणि ती आजतागायत गेलेली नाही.

झालं असं की कपाट बाहेरून ६० सेंटीमीटर खोल होतं म्हणून मी रॉड ३० वर लावला, बरोबर मधोमध. पण पुढचे ९ सेंटीमीटर सरकत्या दरवाजांनी खाल्लेले, आत राहिले ५१. म्हणजे रॉड पाहिजे होता साडेपंचवीसवर. मोठ्या माणसाचा हँगर साधारण ४२ ते ४५ सेंटीमीटरचा असतो हे खरंय, पण त्यावर शर्ट चढला की बाह्या बाहेर येतात आणि ५० सहज होतात, जॅकेटचं तर विचारूच नका. म्हणून माप पाठीच्या फळीपासून बंद दरवाजाच्या आतल्या बाजूपर्यंत घ्यायचं, कपाटाच्या कडेपर्यंत नाही. दरवाजाच्या आत आरसा, हूक, टायची पट्टी असलं काही असेल तर तेही धरा. आतून ५५ ते ६० मिळत असेल तर निवांत, रॉड मधोमध लावा. ५० पेक्षा कमी असेल तर आडवा रॉड लावूच नका, पुढे ओढायचा रॉड मिळतो तो घ्या, त्यावर कपडे दरवाजाकडे तोंड करून लटकतात. आणि काहीही ठरवलंत तरी जॅकेटवाला हँगर त्या जागी धरून दुसऱ्या कोणाला तरी दरवाजा लावायला सांगा. एकट्याने अंदाज करू नका.

लांबी ज्या उंचीवर रॉड येणार तिथेच मोजा, खाली मोजून वर लावू नका, कपाटं काटकोनात असतातच असं नाही. पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा, जे कमी येईल ते धरा, त्यातून दोन्ही सॉकेटची, म्हणजे रॉडची टोकं ज्यात बसतात त्या वाट्यांची, जाडी वजा करा आणि वर २-३ मिलिमीटर कमीच कापा. कापलेलं टोक कानसने घासा, नाहीतर धार राहते.

उंची: एकच रॉड असेल तर जमिनीपासून १६५ ते १७० सेंटीमीटर बहुतेकांना ठीक पडतं, एकाखाली एक दोन असतील तर साधारण १०० आणि २०० वर. पण वापरणाऱ्याला अनवाणी उभं करून हात वर करायला लावा, टाचा उचलाव्या लागत असतील तर रॉड खाली घ्या. रॉडच्या वर फळी असेल तर मधे निदान ५ सेंटीमीटर मोकळे हवेत, नाहीतर हँगरचा आकडा रॉडवरून निघतच नाही. हेसुद्धा हँगर घेऊनच बघायचं.

आता रॉड कुठला. चकचकीतपणा बघून घेऊ नका, टोकाकडून पाईपची जाडी बघा. पत्र्यासारखा पातळ असेल तर परत ठेवा. गोल २५ मिलिमीटरचा स्टीलचा पाईप घरात पुरतो. अंडाकृती घेतलात तर तो उभाच बसला पाहिजे, लांब बाजू वर-खाली, आडवा टाकला तर लवकर वाकतो. आणि लांबीचा हिशोब नीट समजून घ्या, कारण तोच लोक धरत नाहीत: तोच पाईप, तसेच कपडे, पण लांबी दुप्पट झाली की झोळ दुप्पट येत नाही, सोळा पट येतो. त्यामुळे मीटरच्या आसपास किंवा पुढे गेलात तर वरच्या फळीतून मधोमध एक आधार द्याच. वजनाचा अंदाज नसेल तर कपड्यांचा गठ्ठा हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. माझे मीटरभर कपडे १८ किलो भरले आणि त्यात जीन्स फारशा नव्हत्याच.

एक सॉकेट बंद आणि दुसरं वरून उघडं असं घ्या, म्हणजे रॉड काढता-घालता येतो. दोन्ही बंद असतील तर स्क्रू मारायच्या आधी सॉकेट रॉडवर चढवून ठेवा.

स्क्रू: १८ मिलिमीटर प्लायला १६ चा स्क्रू, आधी बारीक भोक पाडून. पार्टिकल बोर्ड असेल तर सावध, त्यात स्क्रू एकदा सैल झाला की परत धरत नाही, तिथे आधी लाकडाची पट्टी लावा आणि सॉकेट पट्टीवर बसवा. विटांच्या भिंतीत गिट्टी (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालायचा प्लग) घालून, पण जवळ स्विचबोर्ड असेल तर त्याच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल नको, आत वायर असू शकते. जिप्समच्या पोकळ भिंतीत साधी गिट्टी ओढून बाहेर येते, मागचा आधार शोधा. स्प्रिंगवर ताणून बसणारे रॉड जॅकेटांसाठी नकोतच.

बाकी नेहमीचं. खुणा दोन्हीकडे पाठीपासूनच मोजा, लेव्हल लावा. भोक पाडायच्या आधी रॉड खुणेवर धरायचा, त्यावर जॅकेटवाला हँगर, दरवाजा बंद. अडला तर खूण मागे घ्या. नाही अडला तरच ड्रिल.

पहिल्या रात्री अर्धेच कपडे, सकाळी स्क्रू चाचपून बघा, मग उरलेले. सरकते दरवाजे असतील तर दोन्ही बाजूंनी लावून बघा, कारण मागचा दरवाजा कपड्यांच्या जास्त जवळून जातो आणि माझा शर्ट त्यालाच घासला होता.