क्लस्टरच्या आतली सर्व्हिस बाहेरून उघडायची कशी

रात्री नऊच्या सुमारास चोपड्याच्या वजनकाट्यावरून फोन आला. "भाऊ, पावती निंघी नही राह्यनी." केळीने भरलेले दोन ट्रक काट्यापाशी उभे होते. रिकाम्या गाडीचं वजन सकाळीच नोंदलेलं होतं, भरलेल्या गाडीचं समोर दिसत होतं, पण वजाबाकी करून निव्वळ वजन छापणारी पावती काही निघेना. पावतीशिवाय गाडी हलत नाही, आणि कापलेला घड कुणासाठी थांबत नाही.

मी तेव्हा धुळ्यात घरी होतो. पावतीचा प्रोग्राम तीन लहान मशीनच्या कुबरनेटीस क्लस्टरवर (कुबरनेटीस म्हणजे अनेक मशीन एकत्र जोडून त्यांवर प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) चालतो आणि त्याला बाहेरून थेट वाट नाही. ती मुद्दामच ठेवलेली नाही. अशा वेळी बाहेर बसून आतली सर्व्हिस स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची, तर प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने विनंती आत नेणारा मध्यस्थ, हा सगळ्यात जवळचा रस्ता. त्या रात्री जे केलं त्याच क्रमाने इथे सांगतो. जळगाव-धुळ्याकडच्या दालमिल, जिनिंग, दूध संकलन अशा ठिकाणी एकट्याने क्लस्टर सांभाळणारी बरीच पोरं आहेत. त्यांच्या हाताशी हे असावं.

एक सूचना आधीच. कमांड मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्याच उच्चाराची इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे टाकायचे. 'क्यूबसीटीएल' ही क्लस्टरला हुकूम देणारी कमांड, म्हणजे क्यूब (के, यू, बी, ई) आणि त्याला जोडून सी, टी, एल. नेमस्पेसचं (क्लस्टरमधल्या कप्प्याचं) नाव 'काटा' आणि सर्व्हिसचं 'पावती' धरलं आहे. तिथे तुमची नावं घाला.

आधी हे समजून घ्या

क्लस्टरमध्ये प्रोग्राम पॉड नावाच्या लहान डब्यात चालतो. प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी असतो, पण तो क्लस्टरपुरताच. पॉड मेला की नवा येतो, नव्या आयपीसह. म्हणून पुढे सर्व्हिस उभी करतात. तिचं नाव आणि पत्ता टिकून राहतो, मागचे पॉड बदलत राहतात. सर्व्हिसचा प्रकार सांगितला नाही तर ती क्लस्टरआयपी प्रकारची होते, म्हणजे फक्त आतून पोचता येणारी. बाहेर उघडायची तर नोडपोर्ट आहे, जो नेहमीच्या मांडणीत ३०००० ते ३२७६७ मधला एखादा पोर्ट घेतो, किंवा लोडबॅलन्सर आहे. पण दहा मिनिटांच्या तपासणीसाठी कायमचं दार पाडायचं कशाला?

क्लस्टरला एक दार आधीपासूनच आहे, ते म्हणजे एपीआय सर्व्हर. सहसा तो ६४४३ पोर्टवर ऐकतो. जुन्या वाड्यात परका माणूस सरळ माजघरात जात नसे. देवडीवर विचारपूस होई आणि निरोप आत जाई. एपीआय सर्व्हर ते देवडीचं काम करतो. तुमची ओळख तपासतो, मग विनंती आतल्या सर्व्हिसकडे पोचवतो आणि उत्तर आणून देतो.

'प्रॉक्सी' हा शब्द कुबरनेटीसमध्ये निदान तीन वेगळ्या गोष्टींना लागतो आणि नवी माणसं इथेच गोंधळतात. तुमच्या मशीनवर चालते ती क्यूबसीटीएल प्रॉक्सी. ती तुमच्या वतीने एपीआय सर्व्हरशी बोलते. एपीआय सर्व्हरच्या पोटात दुसरी आहे, ती आतल्या सर्व्हिसपर्यंत नेते. आणि प्रत्येक नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनवर, असते ती क्यूब-प्रॉक्सी. पॉडकडून सर्व्हिसकडे जाणारी आतली वाहतूक ती वळवते, आणि तिला एचटीटीपी कळत नाही. आपल्याला पहिल्या दोन लागणार आहेत. तिसरीचा उल्लेख पुढे एकदा येईल, तो विसरू नका.

पायरी १ : आपण कुठे उभे आहोत ते पाहा

क्यूबसीटीएल कॉन्फिग करंट-कॉन्टेक्स्ट

दोन क्लस्टर सांभाळत असाल, एक चाचणीचं आणि एक खरं, तर ही कमांड टाळू नका. चुकीच्या क्लस्टरवर अर्धा तास शोधाशोध करणारे मी पाहिले आहेत. त्यानंतर:

क्यूबसीटीएल गेट सर्व्हिसेस -एन काटा

यादीत सर्व्हिसचं नाव आणि पोर्ट दिसेल. पोर्ट कागदावर लिहून ठेवा. माझ्या इथे तो ८०८० होता. हा सर्व्हिसचा पोर्ट आहे. पॉडच्या आत प्रोग्राम ज्या पोर्टवर ऐकतो तो वेगळा असू शकतो, आणि पत्त्यात तो चालत नाही.

पायरी २ : प्रॉक्सी सुरू करा

क्यूबसीटीएल प्रॉक्सी

१२७.०.०.१ वर ८००१ पोर्टवर ऐकत असल्याची एक ओळ येते आणि कर्सर तिथेच थांबतो. अडकलं म्हणून घाबरू नका, ती असंच काम करते. ही खिडकी उघडी ठेवा आणि पुढच्या कमांडसाठी दुसरी घ्या. ८००१ आधीच कुणी घेतलेला असेल तर --पोर्ट=८००२ असं जोडा. --पोर्ट=० दिलं तर मोकळा पोर्ट ती स्वतःच शोधते आणि सांगते.

आता तुमचा ब्राउझर या प्रॉक्सीशी साध्या एचटीटीपीने बोलेल आणि प्रॉक्सी पुढे एपीआय सर्व्हरशी एचटीटीपीएसने. तुमची ओळख क्यूबकॉन्फिग फाइलमधून (क्लस्टरचा पत्ता आणि तुमची ओळख जिथे साठवलेली असते ती) प्रॉक्सी स्वतः जोडते. सोय याचीच आहे आणि जपायचंही इथेच आहे. का, ते शेवटी सांगतो.

पायरी ३ : पत्ता जुळवा

ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका:

लोकलहोस्ट:८००१/एपीआय/व्ही१/नेमस्पेसेस/काटा/सर्व्हिसेस/पावती:८०८०/प्रॉक्सी/

लांबलचक दिसतो, पण टपालाच्या पत्त्यासारखा वाचला की सोपा आहे. आधी तालुका म्हणजे नेमस्पेस, मग घर म्हणजे सर्व्हिस, मग खोली म्हणजे पोर्ट. शेवटचा 'प्रॉक्सी' हा शब्द राहिला तर आतलं पान येत नाही, त्या सर्व्हिसची नोंदच तेवढी समोर येते. 'प्रॉक्सी'नंतरच्या तिरक्या रेघेपुढे जे लिहाल ते तसंच आतल्या प्रोग्रामकडे जातं. त्यामुळे तब्येत विचारणारा एखादा पत्ता प्रोग्रामला असेल, तर तो तिथे जोडून पाहा.

सर्व्हिस आतून एचटीटीपीएस बोलत असेल, तर नावाआधी 'एचटीटीपीएस:' जोडायचं, म्हणजे 'एचटीटीपीएस:पावती:८४४३' असं. मात्र त्या आतल्या टप्प्यावर एपीआय सर्व्हर सर्टिफिकेटची खातरजमा करत नाही, हे माहीत असू द्या.

सर्व्हिसच्या पोर्टला नाव दिलेलं नसेल तर पत्त्यात पोर्ट गाळला तरी चालतो. नाव दिलेलं असेल आणि तुम्ही पोर्ट गाळला, तर मागे पॉड धडधाकट असूनही 'नो एंडपॉइंट्स अव्हेलेबल' असा निरोप येतो. माणूस मग पॉड तपासत बसतो आणि चूक असते पत्त्यात. माझा सल्ला एवढाच, की पोर्ट दर वेळी लिहा.

पायरी ४ : आलेलं उत्तर नीट वाचा

त्या रात्री मला ५०३ (सेवा उपलब्ध नाही) आला, खाली तोच 'नो एंडपॉइंट्स अव्हेलेबल'चा निरोप. पोर्ट तर मी लिहिला होता. म्हणजे सर्व्हिसच्या मागे खरोखर कुणी उभं नव्हतं. दुसऱ्या खिडकीत पाहिलं:

क्यूबसीटीएल डिस्क्राइब सर्व्हिस पावती -एन काटा

त्यात एंडपॉइंट्सची, म्हणजे मागच्या पॉडच्या पत्त्यांची, ओळ रिकामी. सिलेक्टरच्या ओळीत, म्हणजे कोणत्या लेबलचे पॉड शोधायचे त्या ओळीत, 'ॲप=पावती'. मग पॉड पाहिले:

क्यूबसीटीएल गेट पॉड्स -एन काटा --शो-लेबल्स

दोन्ही पॉड रनिंग, दोन्ही रेडी. आणि लेबल? 'ॲप=पावत्या'. संध्याकाळी नवी आवृत्ती चढवताना मी डिप्लॉयमेंट (पॉड उभे करून चालते ठेवणारी नोंद) नव्या नावाने उभं केलं होतं आणि जुनं काढून टाकलं होतं. त्या फाइलीत मी एकवचनाचं अनेकवचन करून बसलो होतो. सर्व्हिस 'पावती' शोधत होती आणि पॉड 'पावत्या' म्हणून हजर होते. सर्व्हिस आणि पॉड यांच्यात दुसरं कसलंच नातं नसतं. लेबल अक्षर न् अक्षर जुळलं तरच ओळख पटते. सर्व्हिसच्या फाइलीत सिलेक्टर दुरुस्त केला, 'क्यूबसीटीएल अप्लाय' चालवलं, ब्राउझर ताजा केला, आणि पान उघडलं. काट्यावर फोन करून पावती काढायला सांगितली. प्रिंटरचा आवाज मला फोनवरच ऐकू आला.

तुम्हाला दुसरं काही दिसू शकेल. ४०४ आला तर आधी तो कुणी दिला ते पाहा. उत्तरात 'काइंड: स्टेटस' असा मजकूर असेल तर तो एपीआय सर्व्हरचा, म्हणजे नेमस्पेस किंवा सर्व्हिसचं नाव चुकलं. तुमच्या प्रोग्रामचं स्वतःचं ४०४ चं पान आलं तर आनंद माना, कारण तुम्ही आत पोचलात, फक्त पुढचा रस्ता चुकला. 'नो सर्व्हिस पोर्ट' असा निरोप म्हणजे पॉडचा पोर्ट सर्व्हिसचा समजून लिहिला. ४०३ म्हणजे परवानगी नाही:

क्यूबसीटीएल ऑथ कॅन-आय गेट सर्व्हिसेस --सबरिसोर्स=प्रॉक्सी -एन काटा

'नो' आलं तर क्लस्टर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून 'सर्व्हिसेस/प्रॉक्सी' या रिसोर्सवर 'गेट' मागून घ्या. फॉर्म भरून पाठवायचा असेल तर 'क्रिएट'ही लागेल. एकाच सर्व्हिसपुरती परवानगी देताना रोलमध्ये नाव पत्त्यात लिहितात तसंच, म्हणजे पोर्टसकट 'पावती:८०८०' असं लिहावं लागतं. नुसतं 'पावती' लिहून ४०३ का जात नाही म्हणून डोकं धरू नका.

आता तिसऱ्या प्रॉक्सीची गोष्ट. एपीआय सर्व्हर आपली विनंती सर्व्हिसच्या आयपीवर पाठवत नाही. मागच्या तयार पॉडपैकी एक निवडून थेट त्याच्याकडे नेतो. म्हणजे या रस्त्यावर नोडवरची क्यूब-प्रॉक्सी लागतच नाही. त्यामुळे तुम्हाला बाहेरून पान दिसलं, याचा अर्थ आतल्या दुसऱ्या पॉडलाही ती सर्व्हिस मिळते आहे असा होत नाही. प्रॉक्सीतून सगळं ठीक आणि आतून तक्रार चालूच असेल, तर संशय क्यूब-प्रॉक्सी, डीएनएस किंवा नेटवर्क पॉलिसीवर घ्या.

पायरी ५ : पान अर्धवट आलं तर

मजकूर आला, पण बटणं मेलेली, तक्ता रिकामा, असं पुष्कळदा होतं. कारण प्रोग्रामला वाटतं, आपण मुळाशी बसलो आहोत. प्रत्यक्षात आपण एका लांब पत्त्याच्या शेपटाला आहोत. एचटीएमएलमध्ये लिहिलेले दुवे एपीआय सर्व्हर वाटेत बदलून देतो, पण जावास्क्रिप्ट चालताना जे पत्ते जुळवते ते त्याला दिसत नाहीत. ते सरळ लोकलहोस्टच्या मुळाशी जाऊन आदळतात.

यावर झगडू नका. हे साधन बदला:

क्यूबसीटीएल पोर्ट-फॉरवर्ड सर्व्हिस/पावती ८०८०:८०८० -एन काटा

आता लोकलहोस्ट:८०८० वर पान जसंच्या तसं येईल. पोर्ट-फॉरवर्ड टीसीपी वाहून नेतो, त्यामुळे पोस्टग्रेससारखा डेटाबेसही त्यातून पाहता येतो. प्रॉक्सीच्या रस्त्याने ते जमत नाही, तिथे एचटीटीपीच लागतं. मात्र सर्व्हिसचं नाव दिलं तरी तो एकच पॉड पकडतो आणि तो पॉड गेला की जोडणी तुटते. मी सवयीने असं करतो : सर्व्हिस उत्तर देते का आणि काय देते हे पाहायला प्रॉक्सी, स्क्रीन नीट वापरायला पोर्ट-फॉरवर्ड.

पायरी ६ : क्यूबसीटीएल दुसऱ्या मशीनवर असेल तर

केथ्रीएस, म्हणजे कुबरनेटीसची हलकी आवृत्ती, वापरणाऱ्यांकडे ही अडचण हमखास येते. क्यूबसीटीएल ऑफिसातल्या सर्व्हरवर, आपण घरी लॅपटॉपवर, आणि प्रॉक्सी तर त्या सर्व्हरच्या लोकलहोस्टवरच ऐकते. इथे इंटरनेटवर एक उत्तर फार फिरतं: --ॲड्रेस=०.०.०.० द्या आणि --ॲक्सेप्ट-होस्ट्स मध्ये सगळ्यांना परवानगी द्या. कृपा करून हे करू नका.

प्रॉक्सी तुमची ओळख स्वतः जोडते, हे वर म्हटलं. याचा अर्थ तिच्या पोर्टवर जो कुणी येईल तो पासवर्ड न देता तुमच्या अधिकाराने बोलेल. सही केलेला कोरा चेक टेबलावर ठेवून उठल्यासारखं आहे हे. पॉडच्या आत शिरून कमांड चालवण्याचे मार्ग ही प्रॉक्सी मुळातच अडवते, पण तुमच्या हाती अधिकार असतील तर सीक्रेट (क्लस्टरमध्ये साठवलेले पासवर्ड वगैरे) वाचणं, डिप्लॉयमेंट पुसणं, नवा पॉड उभा करणं, हे सगळं त्या पोर्टवरून होतं. २०१८ मध्ये टेस्लाचा कुबरनेटीस कन्सोल पासवर्डविना उघडा सापडला होता आणि त्यातून कुणीतरी क्रिप्टो चलनाची खोदाई चालवली होती. आपल्या तीन मशीनकडे कोण बघतंय, असं समजू नका. उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम गाव पाहून येत नाहीत.

त्याऐवजी लॅपटॉपवरून एसएसएचचा बोगदा काढा:

एसएसएच -एल ८००१:लोकलहोस्ट:८००१ तुमचं-खातं@सर्व्हर

आणि आत शिरल्यावर तिथे 'क्यूबसीटीएल प्रॉक्सी' चालवा. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये पायरी ३ चा पत्ता जसाच्या तसा चालतो, आणि प्रॉक्सी सर्व्हरच्या लोकलहोस्टबाहेर पडत नाही.

पायरी ७ : बंद करा

काम झालं की प्रॉक्सीच्या खिडकीत कंट्रोल आणि सी दाबा. पार्श्वभूमीत सुरू केली असेल तर तिचा प्रोसेस शोधून थांबवा, मग ८००१ चा पत्ता पुन्हा उघडून पाहा. ब्राउझरने जोडणी नाकारल्याचं सांगितलं पाहिजे. एकच मशीन दोघं-तिघं वापरत असाल तर हे न चुकता करा, कारण त्या मशीनवर बसलेल्या प्रत्येकाला तो पोर्ट उघडाच असतो. काट्यावरच्या मुलांना रोज पावतीचं पान लागतं, म्हणून त्यांना ही प्रॉक्सी शिकवू नका. त्यांच्यासाठी इनग्रेस, म्हणजे बाहेरून सर्व्हिसपर्यंत नेणारा कायमचा रस्ता, उभा करा, त्यावर लॉगिन ठेवा.