क्वचित होणाऱ्या बिघाडाचा धोका कसा मोजावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) गेल्या दहा वर्षांत भट्टीचा मोठा अपघात झालेला नसेल, तर त्यावरून फार थोडे सिद्ध होते. जितकी वर्षे निर्विघ्न गेली त्या संख्येने 3 ला भागले, की वर्षाला सरासरी किती अपघात होऊ शकतात याची 95 टक्के विश्वासपातळीवरची कमाल मर्यादा मिळते; म्हणजे दहा वर्षांनंतरही वर्षाला 0.3, अर्थात सुमारे तीन वर्षांतून एकदा होणारा अपघात नाकारता येत नाही.

म्हणून अपघाताऐवजी त्याच्याकडे नेणारी साखळी मोजावी. वीज गेली तरी इंडक्शन भट्टीतील वितळलेल्या लोखंडाची उष्णता भट्टीभोवतीच्या कॉइलपर्यंत (विजेच्या वेटोळ्यापर्यंत) पोहोचतच राहते, त्यामुळे कॉइलमधून ती थंड राखणारे पाणी वाहते ठेवण्यासाठी डिझेल पंप आणि तो सुरू न झाल्यास उंचावरची टाकी, अशी दुहेरी सोय असते. समजा, वर्षातून 20 वेळा वीज जाते आणि प्रत्येक सोय 50 पैकी एका वेळी दगा देते. गुणाकाराने दोन्ही एकदम निकामी होण्याची शक्यता 2500 त एक, म्हणजे 125 वर्षांतून एकदा, अशी येते.

या आकड्यावर मुळीच विसंबू नये, कारण दोन्ही सोयी परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे त्यात न तपासताच धरलेले असते. दोन्हींचे पाणी एकाच गाळणीतून जात असेल, किंवा दोन्हींची देखभाल एकाच माणसाकडे असून तो रजेवर गेला की दोन्ही राहून जात असतील, तर एकच कारण दोन्हींना बंद पाडते. प्रत्येक सोयीच्या एकूण बिघाडांत अशा सामाईक कारणांचा वाटा केवळ 10 टक्के धरला तरी 125 वर्षांचे अंतर 25 वर्षांच्याही आत येते. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची 43 फुटांची धोका पातळी ओलांडून 55 फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा नदीकाठची उपसा केंद्रे एकाच पुरात बुडाली आणि कोल्हापूर शहराचा पाणीपुरवठा थांबला. त्यामुळे प्रत्येक जोडीबाबत पाणी, वीज, जागा आणि माणूस यांपैकी काय सामाईक आहे, हे जागेवर जाऊन लिहून काढावे.

राहता राहिला न दिसणारा बिघाड, म्हणजे एरवी बंदच असणाऱ्या पंपात झालेला आणि तपासेपर्यंत न कळणारा. सरासरी दोन वर्षांतून एकदा बिघडणारा पंप दरमहा तपासला, तर गरजेच्या क्षणी तो बंद असण्याची शक्यता सुमारे 2 टक्के असते. वर्षातून एकदाच तपासला, तर ती 20 टक्क्यांवर जाते. ही तपासणी भट्टी रिकामी असताना मुख्य स्विच खरोखर बंद करून करावी, आणि केवळ इंजिनचा आवाज न ऐकता कॉइलमधून बाहेर पडणारा प्रवाह मोजावा.