आरशातले आयबुप्रोफेन आणि चुकलेले वजन

आयबुप्रोफेनची दोन आरसाप्रतिम रूपे, म्हणजे वेदना शमवणारे ‘एस’ आणि जवळजवळ निष्क्रिय ‘आर’, ओळखण्यासाठी मी बिनॉल या स्वतःही दोन आरसाप्रतिम रूपे असलेल्या रेणूला अमाइन (नायट्रोजनयुक्त गट) जोडून केलेला प्रतिदीप्त, म्हणजे प्रकाश टाकल्यावर स्वतः उजळणारा, सेन्सर वापरत होतो. औषधातील आम्लाने अमाइनला प्रोटॉन दिला की अमाइनमुळे दबलेला सेन्सरचा प्रकाश वाढतो आणि ही वाढ दोन्ही रूपांत कमीअधिक असते. पहिल्याच दिवशी फरक इतका ठसठशीत आला की आनंदापेक्षा शंकाच अधिक वाटली. म्हणून सेन्सरचेच उलटे, म्हणजे आरशातले, रूप घेऊन पुन्हा मोजले. आता ‘आर’ आणि ‘एस’ यांची अदलाबदल व्हायला हवी होती, पण ‘एस’चाच आलेख वर राहिला. मग क्वार्ट्झच्या क्युवेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक कुपीत) दोन्ही औषधद्रावणे २६४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश किती शोषतात ते पाहिले. मेथॅनॉलमध्ये समान संहतीला (तीव्रतेला) हे शोषण दोन्ही रूपांचे सारखेच यायला हवे. ‘आर’चे मात्र स्पष्ट कमी होते. महागडे म्हणून ‘आर’ मी जेमतेम २ मिलिग्रॅम घेतले होते, आणि त्यातले थोडे वजनाच्या कागदालाच चिकटून राहिले होते. शोषण जुळवून द्रावणे नव्याने केली, तेव्हा फरक निम्म्याहून कमी उरला, पण सेन्सर उलटताच तोही नीट उलटला.