पेटीवर बाख

अंबाजोगाईत पियानो कुठून आणू? जर्मन संगीतकार बाखचा सी मेजर प्रिल्यूड (१७२२), म्हणजे एक छोटी वाद्यरचना, मी भजनाच्या पेटीवरच समजून घेतला. एकूण ३५ बार, म्हणजे तालाचे सारखे तुकडे. बहुतेक बारांत पाच सूर सुटे येतात, तेच दोनदा. तुम्ही सुटे वाजवूच नका. पाचही एकदम दाबून भाता हलवा.

पांढरी एकला (पेटीची सी पट्टी) सा धरा. पहिला बार: सा ग प, वर सा ग. दुसऱ्यात सा तिथंच, त्यावर रे ध, वर रे म. इथं थांबा. खालचे सा-रे एकमेकांना खेटून कुरकुरतात, सा ला खाली सरकावंसं वाटतं. तिसऱ्यात तो मंद्र नी वर उतरतोच: नी रे प, वर रे म. चौथ्यात परत घरी. एवढ्यावर माझा आठवडा गेला.

जुन्या काही प्रतींत २२व्यानंतर एक जादा बार घुसवलाय, तो खोडा.

मग २४ ते ३१, तळाशी पंचम हलतच नाही. आमचे टाळकरी मामा म्हणाले, "हा तर तंबोरा की रे!" तंबोरा निवांत करतो मामा, हा ताटकळत ठेवतो. ३२व्यात सा येतो खरा, पण कोमल नी ला सोबत घेऊन.